घरामागचा सिव्हिल वॉरचा खंदक: हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हर्जिनियात रिचमंडच्या ईशान्येला, हॅनोव्हर काउंटीतल्या नव्या वसाहतीत एका मराठी कुटुंबानं घर घेतलं. मागच्या झाडीत कमरेएवढा लांबट उंचवटा आहे आणि त्याला लागून उथळ चर. शेजारी म्हणतात, हा सिव्हिल वॉरमधला, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातला खंदक. प्रश्नकर्त्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं कशावरून? सरकारी संरक्षण आहे का? वरची झाडं काढून हिरवळ लावली तर तो जरा नीट दिसेल का? आणि मुलाला वाढदिवसाला मिळालेला मेटल डिटेक्टर तिथं चालवता येईल का?

आधी उत्तर, मग कारणं. खंदक खरा असण्याची शक्यता बरीच आहे. केंद्र सरकारचं संरक्षण त्याला जवळपास नक्कीच नाही. वसाहतीच्या कागदपत्रांत एखादी अट असू शकेल. झाडं सरसकट काढू नका, हिरवळ तर मुळीच लावू नका. डिटेक्टर मुलाला खुशाल द्या, पण या उंचवट्यापासून लांब. व्हर्जिनियातल्या मातीच्या तटबंद्यांची नोंद आणि देखभाल हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या भागात खंदक निघाला यात नवल काही नाही. १८६४ च्या मे महिन्यात उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या सैन्याचा सेनापती ग्रँट उत्तरेकडून कॉन्फेडरेटांच्या (फुटून निघालेल्या दक्षिणेच्या) राजधानीकडे, रिचमंडकडे, सरकत होता आणि दक्षिणेचा सेनापती ली दर टप्प्यावर त्याला आडवा येत होता. विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, नॉर्थ ॲना, टोटोपोटोमॉय, कोल्ड हार्बर अशी ती साखळी. यातली शेवटची तिन्ही ठिकाणं हॅनोव्हर काउंटीतच येतात. दोन वर्षं आधी, १८६२ मध्ये, रिचमंडभोवती सैनिकांना खणायला लावलं म्हणून लीला त्याच्याच बाजूच्या लोकांनी 'फावड्यांचा राजा' म्हणून हिणवलं होतं. १८६४ पर्यंत असं हसणारं कुणी उरलं नव्हतं. सैन्य थांबलं की आधी खणायचं, मग चूल पेटवायची. पहिल्या दिवशी बंदुकीपुरता आडोसा, दुसऱ्या दिवशी पुरता बांध, तिसऱ्या दिवशी पुढं फांद्यांची आडकाठी आणि तोफांच्या जागा, असा क्रम त्या काळच्या निरीक्षकांनी लिहून ठेवला आहे. कोल्ड हार्बरला ३१ मे ते १२ जून एवढ्या दिवसांत हे काम मैलोन्‌मैल झालं. फावडी पुरली नाहीत तिथं लोकांनी संगिनी, टिनचे पेले आणि जेवायच्या थाळ्यांनी माती उकरली.

तेव्हा काय बांधलं होतं ते कळलं की आज काय दिसतंय ते उलगडतं. पायदळाचा खंदक म्हणजे आत उभं राहण्यापुरता चर, उपसलेली माती शत्रूच्या बाजूला टाकून केलेला बांध, तो आत ढासळू नये म्हणून आतल्या अंगाला ओंडक्यांचा किंवा कुंपणाच्या लाकडांचा आधार, आणि वर डोकं झाकायला आडवा ओंडका, ज्याच्या खालच्या फटीतून बंदूक रोखायची. तोफांच्या मोठ्या मोर्च्यांचं उलट असायचं. तिथं खोल खंदक बाहेरच्या बाजूला, बांध जाड, आणि आतून काटक्यांनी विणलेल्या बिनबुडाच्या मोठ्या टोपल्यांत माती भरून रचलेली भिंत. लढाई संपल्यावर ओंडके कुजले. त्याहून जास्त शेतकऱ्यांनी उचलून नेले, कारण दोन्ही सैन्यांनी त्यांची कुंपणं जाळली होती आणि घरी लाकडाचा तुकडा उरला नव्हता. आधार गेला तशी बांधाची माती चरात घसरली, आणि उतार निवांत झाल्यावर ती थांबली. मग गवत आलं, पाइन आले, पुढं ओक आले. म्हणून आजचा बांध मुळापेक्षा बुटका आणि पसरट असतो, आणि चर निम्माअधिक भरलेला.

लोकांना वाटतं, भरलेला भाग म्हणजे कचरा, तो उपसला की खरा खंदक दिसेल. आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं तेच. मूळ तळावरच्या चुलीची राख, कुजलेल्या ओंडक्यांचे मातीतले काळे डाग, न झाडलेल्या गोळ्या, बटणं, खाल्लेल्या मांसाची हाडं, सगळं त्या घसरलेल्या मातीखाली झाकून राहिलेलं असतं. बांधाच्या पोटातसुद्धा १८६४ ची मूळ जमीन, तिच्यावरच्या गवताच्या थरासकट, दबून राहिलेली असते.

आता खरा-खोटा कसा ओळखायचा ते पाहू. व्हर्जिनियाच्या जंगलात सरळ रेषेतले बांध पुष्कळ आहेत. जुन्या शेतांच्या हद्दी, गिरणीचे पाट, बुजलेले रस्ते, १९३० च्या दशकात धूप थांबवायला घातलेले समतल बांध, हे सगळे पहिल्या नजरेला खंदकच वाटतात. मी आधी तीन गोष्टी बघतो. रेषा उताराशी कशी वागते? लष्करी बांध टेकडीच्या अगदी माथ्यावर नसतो. समोरचा उतार जिथून पूर्ण नजरेत येतो तिथं, किंचित खाली असतो आणि त्या कडेनं वळत जातो. शेताची हद्द उताराची पर्वा न करता सरळ जाते. दुसरं, मुख्य बांधापासून मागच्या बाजूला काटकोनात निघणारे आखूड आडबांध आहेत का? बाजूनं येणारा मारा अडवायला ते ठराविक अंतरानं घालत, आणि शेतकरी असलं काही कधीच घालत नाही. तिसरं, तोफेची जागा: बांधात सोडलेली खाच आणि तिच्यामागं सपाट केलेला चौथरा.

आडबांध चांगले कसे दिसतात ते पाहायचं असेल तर काउंटीचंच नॉर्थ ॲना बॅटलफील्ड पार्क गाठा. दगडखाणीच्या शेजारी आहे, पण लीच्या उलट्या 'व्ही' आकाराच्या रांगेचा तो तुकडा इतका रेखीव उरला आहे की माझ्या मते सबंध राज्यात त्याला तोड नाही.

झाडीत शिरण्याआधी घरबसल्या करायची गोष्ट म्हणजे लायडार. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजतात आणि संगणकावर झाडं वजा करून नुसती जमीन पाहता येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं ही माहिती सर्वांना फुकट ठेवली आहे. त्यावरून तिरप्या उजेडातलं चित्र तयार केलं की झाडीखालचे बांध उठून दिसतात. तुमच्या मागचा तुकडा शेजारच्या तीन प्लॉटांतून पुढं जातो का, रस्त्यानं तुटून पलीकडे पुन्हा सुरू होतो का, हे एका नजरेत कळेल. मग जुने नकाशे घ्या. कॉन्फेडरेट सैन्याचा मुख्य अभियंता जेरेमी गिल्मर याच्या देखरेखीखाली झालेले काउंटीवार नकाशे, आणि युद्धानंतर युनियनच्या नॅथॅनिएल मिक्लरनं रणांगणं मोजून काढलेले नकाशे, दोन्ही संगणकावर मिळतात. मिक्लरच्या नकाशांत दोन्ही बाजूंच्या रांगा दाखवलेल्या आहेत आणि त्या बऱ्यापैकी अचूक आहेत.

कायद्याच्या बाबतीत भारतातून आलेल्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. आपल्याकडे केंद्र-संरक्षित स्मारक म्हटलं की १९५८ चा कायदा, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतालचे १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित; जमीन कुणाचीही असो. अमेरिकेत असं काही नाही. इथं मालकी आधी, स्मारक नंतर. १९०६ चा अँटिक्विटीज ॲक्ट आणि १९७९ चा पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायदा हे दोन्ही केंद्र सरकारच्या जमिनीपुरते आहेत (१९७९ च्या कायद्यात आदिवासी जमातींच्या जमिनीही येतात). नॅशनल पार्कच्या हद्दीत खंदकात खड्डा खणला तर तुरुंगवास होऊ शकतो. हद्दीच्या खांबापलीकडे त्याच खंदकाचा पुढचा तुकडा मालकानं बुलडोझरनं सपाट केला, तर सहसा कुणी विचारणारही नाही.

'पण आमची जागा नॅशनल रजिस्टरवर आहे,' हे वाक्य मी फार ऐकतो. हे रजिस्टर म्हणजे ऐतिहासिक स्थळांची केंद्राची यादी; तो सन्मान आहे, कुलूप नव्हे. खासगी मालक स्वतःच्या पैशानं काम करत असेल तर रजिस्टर त्याला अडवत नाही. त्याचा उपयोग होतो तो सरकारचा हात लागल्यावर. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याचं कलम १०६ सांगतं की केंद्राचा पैसा किंवा परवाना असलेल्या कामाआधी वारसास्थळांवर काय परिणाम होईल ते तपासलं पाहिजे. वसाहत बांधताना बिल्डरला पाणथळ जागा भरायची असेल तर केंद्राच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा परवाना लागतो, आणि त्या वाटेनं कलम १०६ लागू होतं. कित्येक खंदकांची पहिली नीट नोंद अशा परवान्यापायीच झालेली आहे. मात्र हे कलमही नुसतं तपासायला लावतं. वाचवायलाच हवं असं म्हणत नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. व्हर्जिनियात शेतजमिनीवर घरं बांधायची परवानगी मिळवताना बिल्डर काउंटीला लेखी अटी लिहून देतो, त्यांना इथं 'प्रॉफर' म्हणतात. 'अमुक झाडीतली तटबंदी जपली जाईल, तिच्याभोवती इतके फूट मोकळे सोडले जातील' अशी अट त्यात असू शकते. ती जमिनीला चिकटते आणि मालक बदलला तरी सुटत नाही. तेव्हा काउंटीच्या नियोजन खात्यात जाऊन तुमच्या वसाहतीचा रिझोनिंगचा कागद मागा. सोबत प्लॉटचा मोजणी नकाशा पाहा. तो उंचवटा तुमच्या हद्दीत आहे की वसाहतीच्या सामाईक जागेत, हे पुष्कळ घरमालकांना माहीतच नसतं. सामाईक जागेत असेल तर निर्णय वसाहतीच्या असोसिएशनचा.

खरं टिकाऊ संरक्षण दोनच मार्गांनी येतं: जपणाऱ्याच्या हातात मालकी, किंवा संवर्धनाचा नोंदणीकृत करार. या करारात जमीन मालकाचीच राहते, पण सपाटीकरण, खोदकाम, बांधकाम हे हक्क तो कायमचे सोडून देतो आणि राज्याचं ऐतिहासिक संसाधन खातं किंवा व्हर्जिनिया आउटडोअर्स फाउंडेशनसारखी संस्था त्यावर लक्ष ठेवते. दान केलेल्या हक्काच्या किमतीच्या ४० टक्के इतकी राज्य आयकरात सवलत मिळते. पाव एकराच्या प्लॉटसाठी कुणी हा व्याप करणार नाही. पण तुमच्या असोसिएशनकडे पाच-दहा एकर झाडी असेल तर विषय जरूर काढा. मोठ्या जमिनींसाठी अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्टसारख्या संस्था देणग्या आणि केंद्राचं अनुदान जोडून सरळ विकत घेतात. मला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत व्हर्जिनियात वाचलेल्या खंदकांपैकी बहुतेक कायद्यानं नाही, खरेदीखतानं वाचले.

खरेदी झाली नाही तिथं काय झालं, त्याला रिचमंडच्या दक्षिणेचं पीटर्सबर्ग शहर साक्षी आहे. जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत शहराभोवती तीस मैलांहून लांब रांगा होत्या. युनियनचा फोर्ट सेजविक तिथल्या सैनिकांत 'फोर्ट हेल' म्हणून कुप्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ठीकठाक उभा होता. १९६० च्या दशकात दुकानांसाठी सपाट झाला. समोरचा कॉन्फेडरेट फोर्ट माहोनही गेला. ३० जुलै १८६४ ला पेनसिल्व्हेनियाच्या खाणकामगार सैनिकांनी ५११ फूट लांब बोगदा खणून, ८,००० पौंड बंदुकीची दारू भरून कॉन्फेडरेट मोर्च्याखाली सुरुंग उडवला, त्या स्फोटाच्या खड्ड्यावर, म्हणजे 'क्रेटर'वर, १९२० च्या दशकात गोल्फचं मैदान होतं! पीटर्सबर्गच्या नॅशनल पार्कची स्थापना १९२६ ची, पण ही जागा त्याच्या ताब्यात यायला आणखी दहा वर्षं गेली. शेजारी १९१७ मध्ये कॅम्प ली हा लष्करी तळ उभा राहिला आणि पहिल्या महायुद्धाच्या सरावाचे खंदक खणले गेले. त्यामुळे त्या परिसरात एखादा बांध १८६४ चा की १९१७ चा, हा प्रश्न अजून पडतो.

शिवाय हे बांध म्हणजे नुसता सेनापतींचा इतिहास नव्हे. पीटर्सबर्गची पहिली तटबंदी, जिला 'डिमॉक लाइन' म्हणतात, १८६२ पासून कॅप्टन चार्ल्स डिमॉकच्या देखरेखीखाली बांधली गेली: सुमारे दहा मैल, ५५ तोफखाने. ती माती उपसली ती मुख्यतः गुलाम आणि वेठीला धरलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी. १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं तटबंदीच्या कामासाठी गुलाम मागवण्याचा कायदाच केला. कागदपत्रांत सापडतात ती बहुधा मालकांची नावं आणि मजुरीचे आकडे. खणणाऱ्यांनी केलेली वस्तू मात्र अजून जमिनीवर आहे. रिचमंडच्या खाली जेम्स नदीकाठी फोर्ट पोकाहोंटास आहे, तो १८६४ मध्ये युनियनच्या कृष्णवर्णीय पलटणींनी बांधला आणि २४ मे रोजी तिथंच लढून राखला. दोन वर्षांच्या अंतरानं उभ्या राहिलेल्या या दोन तटबंद्यांमागच्या फावड्यांत किती फरक आहे, हे मी भेट देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

आता तुमच्या झाडांकडे येतो, कारण नुकसान बहुतेक इथूनच सुरू होतं आणि तेही चांगल्या हेतूनं. मातीच्या बांधाचा शत्रू एकच, उघडी माती. पावसाचा थेंब उघड्या उतारावर आपटला की कण सुटतात, पाणी त्यांना घेऊन जातं, एक ओघळ पडते, आणि पुढचा पाऊस ती ओघळ शोधतच येतो. जंगलात पानांचा आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा थर जमिनीवर असतो. थेंबाचा जोर तो झेलतो, पाणी जिरवतो. ज्या जंगलात कुणी फिरकत नाही तिथं बांधांची धूप जवळपास शून्य असते. तुमचा उंचवटा दीडशेहून जास्त वर्षं टिकला तो या पालापाचोळ्यामुळे. तेव्हा पानं झाडू नका. शरद ऋतूत वसाहतीचे माळी लीफ ब्लोअर घेऊन येतात, त्यांना या झाडीत शिरू देऊ नका, हे असोसिएशनच्या कंत्राटातच लिहून घ्या. इतकी साधी, बिनखर्चाची आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या वाचकांना गावची गढी आठवेल. वरचा चिरेबंदी बुरूज पडला की पांढरीची माती पावसात वितळायला लागते, आणि जे उरतं ते लोक घरं सारवायला, भिंती घालायला टोपल्या भरून नेतात. मातीचं बांधकाम 'पुरातन' वाटत नाही ही अडचण दोन्हीकडे तीच. तुमच्या खंदकाचं नशीब एवढंच की त्याच्यावर जंगल उगवलं.

पण झाडं म्हणजे निव्वळ पुण्य असंही नाही. बांधावर वाढलेलं मोठं झाड वादळात मुळासकट उलटलं की मुळांच्या गोळ्याबरोबर बांधाचा घनमीटरभर तुकडा उपटून येतो, आतल्या अवशेषांसकट. सप्टेंबर २००३ मध्ये इसाबेल चक्रीवादळ व्हर्जिनियावरून गेलं तेव्हा यॉर्कटाउनपासून पीटर्सबर्गपर्यंत पार्कांत असंख्य झाडं पडली. तेव्हापासून बांधावरची कलती, पोकळ, रोगट झाडं वेळेत काढावीत यावर सगळ्यांचं एकमत आहे. काढायची रीत महत्त्वाची. जमीन कोरडी किंवा गोठलेली असताना, जमिनीलगत कापायचं. बुंधा आणि मुळं तशीच सोडायची, ती सावकाश कुजतील. ओढून काढायची नाहीत, बुंधा किसणारं यंत्रही लावायचं नाही. झाड बांधापासून दूर पडेल असं पाडायचं आणि ओंडके बांधावरून फरफटत न्यायचे नाहीत. बॉबकॅट (माती उचलायचं छोटं यंत्र) किंवा तसलं चाकावरचं काही बांधावर चढवायचं नाही. पडलेल्या झाडाची गोष्ट वेगळी: खोड कापलं की मुळांचा गोळा पुष्कळदा आपोआप खड्ड्यात परत बसतो, त्याला बसू द्यावं. असं कापताना गोळा अचानक उलटतो, म्हणून हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

हिरवळीची कल्पना मात्र डोक्यातून काढा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पार्कांतही बांध गोल्फच्या मैदानासारखे गुळगुळीत ठेवायची पद्धत होती. फेस्क्यूसारखं उथळ मुळांचं गवत, वर यंत्रानं कापणी. यंत्राचं पातं बांधाच्या माथ्याला दरवेळी खरवडायचं, तिथली माती उघडी पडायची, आणि दरवर्षी थोडा थोडा बांध खाली जायचा. १९८० च्या दशकाअखेरीस नॅशनल पार्क सर्व्हिसनं व्हर्जिनियातल्या बांधांच्या देखभालीची पद्धत नव्यानं ठरवायला घेतली आणि तेव्हापासून कल बदलला. जिथं खंदक लोकांना उघड्यावर दाखवायचाच आहे तिथं स्थानिक उंच गवतं येऊ देतात: लिटल ब्लूस्टेम, ब्रूमसेज, स्विचग्रास. मुळं खोल, कापणी वर्षातून एखाद्या वेळी, तीही हातातल्या यंत्रानं. पण जंगल काढून गवत आणणं हे जोखमीचं आणि सावकाश चालणारं काम आहे. आधी झाडी विरळ करायची, गवतानं जमीन धरेपर्यंत पाला ठेवायचा, मग पुढची झाडं. घरमालकानं एका उन्हाळ्यात उरकायची ही गोष्ट नाही. तुमच्याकडे जंगल आहे, ते राहू द्या.

खंदक मुळासारखा करून दाखवावा ही मागणीही नेहमीची. वॉशिंग्टनचा फोर्ट स्टीव्हन्स, जिथं जुलै १८६४ मध्ये लिंकन स्वतः गोळीबाराच्या टप्प्यात उभे राहिले, तो १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून पुन्हा उभारला आणि ओंडक्यांच्या जागी काँक्रीटचे ओंडके घातले. आज तिथं १८६४ पेक्षा १९३७ जास्त दिसतं. पीटर्सबर्गजवळच्या पॅम्प्लिन पार्कनं मला पटणारा मार्ग काढला. २ एप्रिल १८६५ ला जिथं कॉन्फेडरेट फळी फुटली तिथला मूळ बांध पाल्याखाली तसाच ठेवला, आणि थोड्या अंतरावर ओंडके, टोपल्या, आडकाठी सगळं असलेला नवा खंदक बांधला. मुलांना त्याच्यात उतरू देतात. यॉर्कटाउनला तर 'मूळ' कोणतं हाच प्रश्न आहे: स्वातंत्र्ययुद्धातल्या, १७८१ च्या ब्रिटिश तटबंदीवर कॉन्फेडरेटांनी १८६१-६२ मध्ये स्वतःचे बांध चढवले, त्यामुळे गावाभोवती आज दिसतं ते बरंचसं सिव्हिल वॉरचं. एक थर शोधायला दुसरा उकरावा लागतो.

आता मेटल डिटेक्टर. नॅशनल पार्कमध्ये तो नुसता जवळ बाळगणंही नियमबाह्य आहे. स्वतःच्या जमिनीवर कायदा अडवत नाही, आणि म्हणूनच मी विनंती करतो. शिशाची गोळी सापडली, ही बातमी नव्हे. त्या काळी लाखांनी झाडल्या गेल्या. ती कुठं सापडली, झाडलेली आणि चेपलेली की हातातून पडलेली अखंड, कोणत्या नमुन्याच्या बंदुकीची, तिच्या आजूबाजूला आणखी काय होतं, यावरून कोण कुठं उभं होतं आणि कुठवर पुढं आलं ते काढता येतं. आम्हीही डिटेक्टर वापरतोच, पण आखलेल्या रेषांत, प्रत्येक वस्तूची जागा मोजून. हौशी माणसानं डबाभर गोळ्या जमवल्या की त्या डब्यातून काहीच काढता येत नाही. दुसरं कारण जिवाचं आहे. तोफगोळ्यांतली काळी दारू मातीत राहूनही जिवंत असू शकते. २००८ मध्ये पीटर्सबर्गजवळच्या चेस्टर गावात एक अनुभवी संग्राहक घराच्या आवारात असाच गोळा साफ करताना स्फोटात गेला. गोल किंवा शंकूच्या आकाराचं जड लोखंड दिसलं तर हात न लावता ९११ ला फोन करा.

हाडं निघाली तरी तसंच: काम थांबवून पोलिसांना कळवा. युद्धानंतर सरकारी पथकांनी रणांगणावरचे मृतदेह राष्ट्रीय दफनभूमींत नेले. पीटर्सबर्गच्या पॉप्लर ग्रोव्हमध्ये ६,००० हून अधिक सैनिक आहेत, त्यांतले बहुसंख्य अनोळखी. पण सगळे सापडले नव्हते, आणि कॉन्फेडरेट मृतदेह त्या पथकांच्या कामात नव्हतेच. माणसाचं दफन पुरातत्त्वासाठी उकरायचं तर खासगी जमिनीवरही राज्याचा परवाना लागतो.

रोजच्या देखभालीबद्दल थोडं. छपराचं पाणी आणि तळघराच्या पंपाचं पाणी बांधाच्या दिशेनं सोडलं असेल तर पाइप वळवून घ्या. नव्या वसाहतींत मी पाहिलेल्या ओघळी बहुतेक अशाच पडलेल्या आहेत. झोपाळ्याचे खांब, खताचा ढीग, सायकलच्या उड्या यांना दुसरी जागा शोधा. ग्राउंडहॉग हा प्राणी बांधात बिळं करतो, कारण त्याला कोरडा उतार लागतो. त्याला हटवण्याचे नियम काउंटीला विचारा, आणि रिकामं झालेलं बीळ बाहेरून आणलेल्या वेगळ्या रंगाच्या मातीनं भरा, म्हणजे पुढं कुणी शास्त्रशुद्ध खणलं तर भर कोणती आणि मूळ कोणतं ते कळेल. असोसिएशनला झाडीतून पायवाट हवी असेल तर ती बांधाला समांतर, चार हात दूर न्या. ओलांडायचंच असेल तर एकाच जागी लाकडी साकव टाका, दोन्ही टोकांचे आधार बांधाच्या आणि चराच्या बाहेर.

राज्याच्या ऐतिहासिक संसाधन खात्याकडे जागेची नोंद करा. त्यांच्याकडून ४४ एचएन अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळेल. ४४ म्हणजे व्हर्जिनिया, एचएन म्हणजे हॅनोव्हर. नोंदणीनं तुमच्या मालकीवर कोणतंही बंधन येत नाही. फायदा एवढाच की उद्या रस्ता रुंद करायला किंवा गटाराची लाइन टाकायला कुणी आलं तर त्यांच्या नकाशावर हा बांध आधीपासून असेल. अशा जागांचा नेमका पत्ता ही खाती जाहीर करत नाहीत, कारण रात्रीचे खणणारे अजून आहेत. तुम्हीही फोटो टाकताना ठिकाण बंद ठेवा.

लायडारचं चित्र काढलंत की त्यावर चर बांधाच्या कोणत्या बाजूला आहे आणि आडबांध कुठल्या दिशेला निघतात ते खुणेनं दाखवून इथंच कळवा, घर नंबर न देता. पायदळाचा बांध असेल तर चराची बाजू ही सैनिकांची बाजू. तेवढ्यावरून आणि मिक्लरच्या नकाशावरून तो ग्रँटच्या माणसांनी खणला की लीच्या, ते बहुधा सांगता येईल.